गाडेवाल्या सरांचा तास

सरांच्या नंबरवरून फोन वाजला आणि तो उचलायच्या आधीच मला कळलं. घशाचं ऑपरेशन होऊन सरांचा आवाज गेला, त्याला बराच काळ लोटला होता. तेव्हापासून त्यांचे मेसेज यायचे, अगदी ऊत आल्यासारखे यायचे, पण फोन कधी वाजायचा नाही. ज्याला बोलताच येत नाही तो फोन कशाला करेल? त्या सकाळी मी डब्यासाठी मेथी निवडत बसले होते, आणि स्क्रीनवर नाव उमटलं... गाडेवाले सर. पलीकडून सुमनवहिनी, त्यांच्या पत्नी, एवढंच म्हणाल्या, "बाई, ह्ये गेलं वो." मी "हो" म्हटलं. आज शाळा लवकर आहे असं कुणी सांगितल्यावर म्हणावं तसं. मग फोन ठेवून राहिलेली मेथी निवडली, धुतली, चिरली, आणि फोडणीला टाकायची वेळ आली तेव्हा रडू आलं.

घोडेगावातल्या आमच्या शाळेत सर इंग्रजी शिकवायचे आणि मी मराठी. आमचे वर्ग शेजारी शेजारी. बांधताना पैसे कमी पडले की काय कोण जाणे, पण मधली भिंत छतापर्यंत पोचलेलीच नाही. वर हातभर मोकळी जागा, आणि त्या जागेतून सरांचा आवाज माझ्या वर्गात यायचा. यायचा म्हणजे काय, मुक्कामालाच असायचा. मी कवितेतला हळवा भाग समजावत असायचे आणि पलीकडून आरोळी यायची, "बैल बसवलास का रं? उठव त्याला!" की माझा अख्खा वर्ग खुदखुदायला लागायचा. मी डस्टर घेऊन भिंतीवर ठोकायचे. पलीकडे एकदम शांतता. मग सर घोगऱ्या, दबक्या आवाजात, पण मला नक्की ऐकू जाईल अशा, म्हणायचे, "हळू रं पोरांनो, मराठी झोपलीय." झालं, माझ्या कवितेचं वाटोळं!

गाडेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते पारगावचे, घरची उसाची शेती, आणि बैलगाड्याचा नाद वडिलांपासूनचा. जत्रांच्या दिवसांत सुट्टी असली की हे शर्यतीच्या घाटात माइक धरून उभे. कुणाचा गाडा, कुठल्या गावचा, किती सेकंदांत आला, बैलाच्या आईचं नाव काय, इथपर्यंत सगळं तोंडपाठ. आमच्याकडच्या शर्यतीत गाड्यावर कुणी बसत नाही. सगळ्यांत पुढे घोडी पळते, तिच्या पाठीवर स्वार, तिच्यामागे बैल आणि बैलांमागे रिकामा गाडा. या एका धावेला बारी म्हणतात. बारी सुटली की सर वाक्याचा शेवटचा शब्द असा काही वर ओढत न्यायचे, की समोरच्या डोंगराला जाऊन लागेल. ही ओढ त्यांच्या बोलण्यातच होती. कॅंटीनमध्ये "एक चहाऽऽ" म्हणाले तरी बाजूच्या टेबलावरचा माणूस बारी सुटली का म्हणून मान वळवायचा. मधे काही वर्षं शर्यतींवर बंदी होती तेव्हा घाट ओस पडले, सर मात्र ओस पडले नाहीत. त्यांनी तो सगळा घाट उचलून वर्गात आणला.

म्हणजे कसा, ते सांगते. भिंतीपलीकडून इतक्या वेळा ऐकलंय की इंग्रजीचा गंध नसताना मला तो धडा पाठ आहे. इंग्रजीत काही छोटे शब्द असतात. बिफोर, आफ्टर, विदाउट, बाय, इन्स्टेड ऑफ. आपल्याकडे ते मागून येऊन चिकटतात. आपण जेवल्यानंतर म्हणतो, विचारल्याशिवाय म्हणतो. आधी काम, मग नंतर आणि शिवाय. इंग्रजीत हे सगळे पुढे, आणि त्यांच्यामागे जर कामाचा शब्द आला तर त्याला आयएनजी लावायचं, त्यामागे ज्याच्यावर काम होतं ती वस्तू. पुस्तकात हे अर्ध्या पानात आहे, आणि डोंगरातल्या गावांहून पहिल्या एसटीने अर्धवट झोपेत येणाऱ्या मुलांना ते अर्धं पान वर्षभर उलगडायचं नाही. सर पुस्तक मिटून विचारायचे, "आपल्या घाटात सगळ्यात पुढं कोण पळतं?" वर्ग ओरडायचा, "घोडी!" "मागं?" "बैल!" "आन् त्याच्या मागं?" "गाडा!" "झालं तर मग! बिफोर ही आपली घोडी. तिच्या मागं पळता बैल पायजे, आयएनजीवाला. बसका बैल चालायचा न्हाई. आन् द रिव्हर, द टोमॅटोज, ह्यो आपला गाडा. सोडा बारी!" आणि सगळा वर्ग एका दमात, सरांसारखाच शेवट वर ओढत, "बिफोर क्रॉसिंग द रिव्हऽऽर!" एखादा "आफ्टर टू क्रॉस" म्हणाला की बैल बसला. पुन्हा जुंपायचा. एकदा एका मुलीने विचारलं, सर, नुसतं आफ्टर ईटिंग म्हटलं तर गाडा कुठाय? सर म्हणाले, "गाडा नसला तरी चालतंय की. बैल मोकळं पळत न्हाईत व्हय?"

ज्याला इंग्रजी क्रियापद येत नाही त्याला सर मराठी बैल जुंपायची मुभा द्यायचे. मग भिंतीवरून काय काय यायचं! बिफोर जेविंग. विदाउट रडिंग. इन्स्टेड ऑफ भांडिंग विथ बहीण. माझ्या कानाला ते सोसेना. मधल्या सुट्टीत मी म्हटलं, "सर, तुम्ही तुमच्या इंग्रजीची खुशाल वाट लावा, माझ्या मराठीची कशाला लावताय?" तर हसत म्हणाले, "बाई, गाडा विंग्रजी हाय, पण बैल तुमचंच हायेत. अभिमान बाळगा राव!" आणि खरोखर वर्षाच्या शेवटी ते मराठी बैल एकेक करून गोठ्यात परत गेलेले असायचे आणि पोरं सफाईने "इन्स्टेड ऑफ फायटिंग" म्हणत असायची. कसं जमायचं त्यांना, देव जाणे. मला मराठीच्या तासाला "केल्यामुळे" आणि "केल्याने" यांतला फरक गळी उतरवताना घाम फुटतो.

बंदी उठली आणि सर लहान मुलासारखे पुन्हा घाटात पळाले. त्या हंगामात त्यांचा आवाज बसला. आम्ही सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं, त्यांनीही. घाटातली धूळ, भंडारा, दिवसभर माइक... बसणारच. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं, नारायणगावच्या डॉक्टरांची औषधं झाली. मग त्या डॉक्टरांनीच पुण्याला पाठवलं. स्वरयंत्र काढावं लागणार हे कळलं त्या दिवशी सर शाळेत आले, सगळे तास घेतले, आणि तो धडा पुस्तकात बराच पुढे असताना त्या दिवशीच घेतला. त्या दिवशी मी डस्टर उचललं नाही. माझ्या वर्गाला मुकाट वाचन दिलं आणि खुर्चीवर बसून पलीकडचं ऐकलं. घोगरा, फाटलेला, मधेच तुटणारा आवाज, पण शेवटचा शब्द वर जायचा तो जायचाच.

ऑपरेशननंतर ते परत आले तेव्हा गळ्याभोवती पांढरं उपरणं होतं, खिशात एक यंत्र होतं. गळ्याला टेकवलं की त्यातून बोलणं बाहेर पडे, पण सगळं एका सुरात, पंप चालू असल्यासारखं. पहिल्याच तासाला पुढच्या बाकावरची मुलं दचकली, मागची हसली. सरांनाही हसू आलं असणार, कारण ते खांदे हलवत होते. पण ते यंत्र त्यांनी कपाटात ठेवून दिलं ते पुन्हा काढलं नाही. संस्थेतले लोक वाईट नव्हते, पण त्यांचं म्हणणं सरळ होतं, बोलता न येणाऱ्या माणसाने भाषा कशी शिकवायची? ग्रंथालय बघा, पगार तोच राहील, दगदगही नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत मीही होते. सर सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि ते मला वाचायला दिलं. मी मोठ्याने वाचलं. "मला दिवाळीपर्यंत वर्ग द्या. तोवर पोरं बोलली न्हाईत तर मी ग्रंथालयात जातो आन् पुन्यांदा तोंड वर करत न्हाई." लिहितानाही त्यांची बोली तशीच होती. मुख्याध्यापकांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. बाहेर आल्यावर सरांनी पुन्हा मोबाइल काढला. वर्ग गेला तर आपण घरी जाऊन उसाच्या वाढ्यांशी, शेंड्यांच्या त्या पाल्याशी, बोलायचं का, असं त्यांनी मला लिहून दाखवलं, आणि ती गंमत नव्हती.

त्यानंतरचे दिवस मला आजही नकोसे वाटतात. भिंतीवरच्या मोकळ्या जागेतून नुसती शांतता यायची. खडूचा आवाज, बाकाचा आवाज, कुणीतरी खोकलेलं, बस्स. इतकी वर्षं ज्या आवाजाने मला कविता धड शिकवू दिली नाही, तो गेल्यावर मला कविता शिकवता येईना. मुलं माझ्याकडे बघायची, मी भिंतीकडे. आणि अशाच एका दिवशी, दिवाळी तोंडावर आलेली, पलीकडून एकदम गर्जना झाली, "आफ्टर क्रॉसिंग द रिव्हऽऽर!" माझ्या हातातला खडू पडला. खडू आणते सांगून मी बाहेर आले आणि त्यांच्या दारातून डोकावले. सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन, नसलेल्या पाण्यातून एकेक पाऊल टाकत फळ्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालले होते. पलीकडच्या काठाला पोचल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि अंगठा खांद्यावरून मागे टाकला. तो आफ्टर. मग पुन्हा अलीकडे आले, पाणी किती आहे ते वाकून पाहिलं आणि तळहात छातीसमोर धरला. तो बिफोर. वर्ग ओरडला. मग त्यांनी दफ्तर बाकाखाली सरकवलं, नसलेल्या आईकडे चोरून पाहिलं, भिंतीवरून उडी मारल्यासारखं केलं, आणि दोन्ही रिकामे तळहात हलवले. सगळी पोरं फुटून हसली आणि हसता हसता म्हणाली, "विदाउट टेलिंग मदऽऽर!" मला दारात पाहून सरांनी भुवया उडवल्या. मी तशीच परत फिरले. व्हरांड्यात नळापाशी उभी राहून तोंड धुतलं आणि मग वर्गात गेले.

ग्रंथालयाचा विषय पुन्हा निघाला नाही. सर कुठल्याही वर्गात गेले की वर्ग आधी गप्प व्हायचा आणि मग बोलायला लागायचा. पूर्वी ते बोलायचे आणि पोरं ऐकायची, आता ते ऐकायचे. कुणी चुकलं की ते बसक्या बैलासारखे फळ्यापाशी फतकल मारून बसायचे, आणि बरोबर बोलेपर्यंत उठायचे नाहीत. मला ते मेसेज करायचे, "थँक यू फॉर नॉट ठोकिंग द भिंत." मी उत्तर द्यायचे, मराठी बैल सोडा आता, म्हातारा झालाय तो. अशी आमची भांडणं चालू होती. मला वाटलं होतं, ती आणखी पुष्कळ वर्षं चालतील...

दुखणं उलटलं तेव्हा त्यांनी शाळेत कुणाला फार सांगितलं नाही. शेवटची भेट झाली ती पारगावला त्यांच्या ओसरीत. कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांचा आवाज रस्त्यावरून येत होता. सर खूप वाळले होते. मी त्यांना शाळेतलं सगळं सांगितलं, कोण पडलं, कोण पास झालं, कोणाची बदली झाली. सांगायचं संपलं तेव्हा मी उठू लागले, तर त्यांनी मला हाताने बसवलं आणि टाइप करून दाखवलं, "बोला बाई. काय बी बोला. ऐकायला बरं वाटतंय." मग मी काय बोलले ते मला आठवत नाही. मेथीचा भाव, एसटी बंद पडलेली, माझे गुडघे. चुलीपाशी बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "मी दिसभर अशीच बडबडत आस्ते बाई. जरा गप बसले का ह्ये दाराकडं बघत्यात, मी गेले का काय म्हणून." सरांनी वहिनींकडे पाहून अंगठा खांद्यावरून मागे टाकला, तो वर्गातला आफ्टर, आणि बोट त्यांच्याकडे केलं. मला हसू येईना. माझ्यानंतर तू असं त्यांना म्हणायचं होतं, की तुझ्यानंतर मी असं, हे मी विचारलं नाही.

दशक्रिया नदीकाठी झाली. आमच्याकडे दशक्रियेला गर्दी किती होते हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. प्रवचन होतं, मग पुढारी बोलायला उठतात, माइक या हातातून त्या हातात जातो. त्या दिवशी सगळे सरांच्या आवाजाबद्दल बोलले. घाटाचा राजा गेला, म्हणाले. आमच्या भागाचा आवाज हरपला, म्हणाले. कुणीतरी मोबाइलवर जुन्या शर्यतीचा व्हिडिओ लावून माइकसमोर धरला, पण त्याच्यावर कुणी गाणं चिकटवलेलं होतं, ढोल वाजत होते, आणि सर मधूनमधून कुठेतरी लांबून ओरडत होते. लोकांनी डोळे पुसले. मला मात्र राग आला. शाळेच्या वतीने मला बोलायला सांगितलं होतं. मी उभी राहिले, "सर आमच्या शाळेत होते..." इतकंच म्हटलं आणि बसले. लोकांना वाटलं बाईंना भरून आलं. भरून आलंच होतं. पण मला म्हणायचं होतं की हा घाटातला आवाज तुम्ही ठेवा. मला वर्गातला पाहिजे. भिंतीवरून येणारा, मधेच खोकणारा, "हळू रं पोरांनो" म्हणणारा. तो कुणी टिपून ठेवलेला नाही. इंग्रजीचा तास कोण कशाला रेकॉर्ड करेल? मी माझा फोन पुन्हा पुन्हा धुंडाळला. गॅदरिंगच्या एका व्हिडिओत ते स्टेजच्या कडेला दिसतात, तोंड हलतंय, पण आवाज माझाच आहे, मी निवेदन करत होते. इतका जीव माझ्या सख्ख्या माणसांसाठीही कधी हळहळलेला नाही, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

नवे शिक्षक येईपर्यंत आठवीचा इंग्रजीचा तास मला दिला आहे. कुणाला तरी द्यायचाच होता. गेल्या आठवड्यात तो धडा आला. मी रात्रीपासूनच धास्तावले होते. वर्गात गेले, फळ्यावर बिफोर लिहिलं आणि घसा साफ करून सुरुवात केली, "तर मुलांनो, आपल्या घाटात सगळ्यात पुढे..." तेवढ्यात भीमाशंकरच्या बाजूच्या गावातून येणारी एक मुलगी उठली आणि अगदी हळू म्हणाली, "बाई, तुमी बोलू नका ना." मी थांबले. दुसरी म्हणाली, "हात करा बाई. आमी बोलतो." मला खुणा पुरत्या येत नव्हत्या, तर पोरांनीच दाखवल्या. मी फळ्याशी उभी राहिले. काय करून दाखवायचं ते सुचेना. वर्ग गप्प बसून माझ्या हातांकडे बघत होता. मग नकळत माझा हात घशाशी गेला, ओठांपर्यंत आला, आणि पुढे काय ते कळलं नाही तशी मी दोन्ही रिकामे तळहात त्यांच्यासमोर हलवले.

"विदाउट स्पीकिंग अ वऽऽर्ड!"

अख्खा वर्ग एका दमात बोलला. शेवटचा शब्द वर गेला, जायचा तसाच, डोंगराला लागेल असा. ही मुलं पाचवीत शाळेत आली त्याच्या आधीच सरांचा आवाज गेला होता, आणि त्यांच्या हाताखाली ती आली ती थेट आठवीत. यांच्यापैकी एकानेही वर्गात सरांच्या तोंडून एक शब्द ऐकलेला नाही. मी विचारलं, "वर्ड असा ओढायला कुणी शिकवलं तुम्हाला?" मुलं एकमेकांकडे बघायला लागली, कारण तो तसाच म्हणायचा असतो असं त्यांना वाटत होतं. शेवटी मघाची ती पहिली मुलगी म्हणाली, "आमची ताई घरी तसंच म्हणती बाई." मागून एक जण म्हणाला, "आमचा दादा बी." त्या ताईला मी ओळखते. ती सरांच्या बोलत्या वर्गात, खिडकीपाशी बसायची.

"पुन्हा म्हणा," मी म्हटलं. त्यांनी म्हटलं. डोळे मिटले तर बरं, असं वाटलं, पण मिटले नाहीत, कारण मिटले असते तर हात कुणी केला असता? मी नदी ओलांडली, चपला हातात घेऊन. टोमॅटो विकले. आईला न सांगता भिंतीवरून उडी मारली, या गुडघ्यांनी. प्रत्येक वेळी चाळीसेक तोंडांतून तो आला, कोवळा, चिरका, कुठे फुटलेला, पण तोच. मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं उठली नाहीत, आणि मी पुन्हा हात वर केला.